श्रीमंत देशांची विकसनशील देशांना होणारी निर्यात: जुन्या वर्षाचा आकडा नव्या फाइलमध्ये का बदलतो आणि तो स्वतः कसा काढायचा

प्रश्न असा आहे. जागतिक बँकेच्या विकास निर्देशकांच्या तक्त्यात एखाद्या देशाच्या एकूण मालनिर्यातीपैकी किती टक्के माल अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या (म्हणजे इथे 'विकसनशील') देशांना गेला, याची वर्षवार ओळ मिळते. २०२४ च्या सुरुवातीला उतरवलेल्या फाइलमध्ये जर्मनीच्या २०१३ सालासमोर जो आकडा होता, त्यापेक्षा आता उतरवलेल्या फाइलमधला आकडा तीनेक टक्क्यांनी कमी दिसतो. २०१३ तर केव्हाच संपलं. मग आकडा हलला कसा, खरा कोणता, आणि पन्नास-साठ वर्षांचा कल दाखवायचा तर काय वापरायचं?

जर्मनीने एक खोकंही कमी पाठवलेलं नाही. रशियाने गट बदलला, एवढंच झालं.

जागतिक बँक दर वर्षी १ जुलैला देशांची उत्पन्नगटांत नव्याने वाटणी करते. त्यासाठी दरडोई सकल राष्ट्रीय उत्पन्न डॉलरमध्ये मोजतात आणि विनिमय दराचे हेलकावे कमी करण्यासाठी तीन वर्षांची सरासरी धरतात. याला ॲटलस पद्धत म्हणतात. जुलै २०२४ मध्ये रशिया, बल्गेरिया आणि पलाऊ हे 'उच्च उत्पन्न' गटात चढले. मेख पुढे आहे. तक्त्यातले गटवार आकडे त्या त्या वर्षीच्या यादीने काढलेले नसतात. आजची यादी घेऊन मागची सगळी वर्षं नव्याने मोजली जातात. २०१३ मध्ये जर्मनीने रशियाला सुमारे ३६ अब्ज युरोंचा माल विकला, आणि एकूण निर्यात १,०९० अब्ज युरोंच्या घरात होती. भागाकार करा: ३.३ टक्के. फाइलमधून हरवलेले तीन टक्के ते हेच.

गंमत म्हणजे रशिया याआधीही एकदा या गटात येऊन गेला आहे. जुलै २०१३ ते जून २०१६ तो 'उच्च उत्पन्न' मध्ये होता, मग रुबल कोसळला आणि तो खाली आला. म्हणजे २०१५ साली ही फाइल कोणी उतरवली असती, तर त्यालाही आजच्यासारखाच लहान आकडा दिसला असता. मधली आठ वर्षं तो मोठा दिसत होता.

आता याची दुसरी बाजू. रशिया ग्राहकांच्या यादीतून गेला, तसा विक्रेत्यांच्या यादीत आला. २०२२ पासून रशियाचं कच्चं तेल मोठ्या प्रमाणात भारत आणि चीनकडे वळलं. भारत आणि चीन दोन्ही मध्यम उत्पन्नाचे देश. त्यामुळे 'सगळे उच्च उत्पन्न देश' या एकत्रित ओळीत विकसनशील देशांचा वाटा वर सरकतो, आणि वाचणाऱ्याला वाटतं की युरोप-अमेरिकेच्या कारखान्यांना गरीब देशांत नवी गिऱ्हाइकं मिळाली. प्रत्यक्षात तो वाडीनार, जामनगरच्या जेटीला लागलेला टँकर असतो.

असे आणखी दोन खड्डे याच तक्त्यात आहेत. २०२५ मध्ये जागतिक बँकेने पाकिस्तान आणि अफगाणिस्तान 'दक्षिण आशिया' मधून काढून पश्चिम आशिया व उत्तर आफ्रिकेच्या विभागात टाकले. त्यामुळे 'दक्षिण आशियातील विकसनशील देशांना निर्यात' हा रकाना जुन्या फाइलशी जुळणार नाही. आणि व्हेनेझुएलाला २०२१ पासून कोणत्याच उत्पन्नगटात ठेवलेलं नाही. गटवार बेरजेत तो ना इकडे, ना तिकडे. सत्तरच्या दशकात तेलाच्या पैशावर अमेरिकी माल विकत घेणारा हा देश मागच्या वर्षांच्या बेरजेतूनही गळतो.

खरा आकडा कोणता, याचं उत्तर तुम्ही विचारता काय यावर आहे. 'आज जे देश विकसनशील आहेत, त्यांच्याशी पूर्वी किती व्यापार होता?' असं विचारायचं असेल तर आजची यादी बरोबर. 'तेव्हा जे विकसनशील होते, त्यांच्याकडे श्रीमंतांचा माल वाढत गेला का?' असं विचारायचं असेल तर आजची यादी साफ चुकीची, कारण तिच्यातून प्रगती केलेले देश आधीच वजा झालेले असतात. वर्गात नापास झालेल्यांच्याच गुणांची सरासरी काढून शाळेचा निकाल ठरवण्यासारखं ते आहे. दक्षिण कोरिया घ्या. १९९५ मध्ये तो 'उच्च उत्पन्न' मध्ये गेला, १९९७-९८ च्या आशियाई संकटानंतर खाली आला, २००१ पासून पुन्हा वर आहे. जपानच्या निर्यातीत कोरियाचा वाटा ६ ते ७ टक्के. आजच्या यादीने मोजलं तर १९७० पासूनची ती सगळी यंत्रं आणि पोलाद 'श्रीमंताकडून श्रीमंताला' या खात्यात जातात. जर्मनीच्या बाबतीत चेकिया (२००६), हंगेरी (२००७, मध्ये एकदा खाली येऊन पुन्हा वर) आणि पोलंड (२००९) असेच निसटतात. आज हे तीन मिळून जर्मनीच्या निर्यातीचा दहाव्या भागाहून थोडा जास्त हिस्सा घेतात, आणि एकट्या पोलंडला जाणारा माल चीनला जाणाऱ्या मालाच्या तोडीचा आहे.

शिवाय 'विकसनशील' कोणाला म्हणायचं यावर मोठ्या संस्थांचंच एकमत नाही. अंक्टाड या संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास संस्थेच्या यादीत सिंगापूर, हाँगकाँग आणि संयुक्त अरब अमिराती अजून विकसनशील आहेत. दक्षिण कोरियाला त्यांनी विकसित गटात घेतलं ते २०२१ मध्ये. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने मात्र कोरिया, सिंगापूर, हाँगकाँग आणि तैवान यांना १९९७ मध्येच 'प्रगत' म्हटलं. पोलंड आणि सौदी अरेबिया तिथे अजून प्रगत नाहीत. जागतिक व्यापार संघटनेत तर देश स्वतःच स्वतःला विकसनशील म्हणवून घेतो. एका लेखातला अंक्टाडचा आकडा आणि दुसऱ्यातला जागतिक बँकेचा आकडा शेजारी ठेवून 'वाटा घटला' असं लिहिलेलं बऱ्याचदा दिसतं. ती घट व्यापारातली नसते, यादीतली असते.

म्हणून पहिलं काम: यादी गोठवा. जागतिक बँकेच्या ऐतिहासिक वर्गीकरणाची फाइल मोफत मिळते आणि ती १९८७ च्या उत्पन्नापासून सुरू होते. तेव्हा उच्च उत्पन्नाची मर्यादा दरडोई ६,००० डॉलर होती. १९८७ च्या स्तंभात ज्यांच्यापुढे 'एच' (हाय, म्हणजे उच्च उत्पन्न) आहे ते तुमचे श्रीमंत निर्यातदार, बाकीचे विकसनशील ग्राहक. दोन्ही याद्या गोठवायच्या, हे विसरू नका. ग्राहकांची यादी स्थिर ठेवून निर्यातदारांची बदलती ठेवली, तर २००१ नंतर कोरिया विक्रेत्यांमध्ये घुसतो. त्याच्या निर्यातीचा पाचवा ते चौथा हिस्सा एकट्या चीनला जातो, आणि तुमची ओळ उगाच वर उचलली जाते.

मग तीच ओळ आजच्या यादीनेही काढा आणि दोन्हींतला फरक मोजा. रीत कळावी म्हणून काल्पनिक आकडे घेतो. समजा, गोठवलेल्या यादीने वाटा २५ वरून ४० टक्के झाला आणि आजच्या यादीने १७ वरून २८. एकूण वाढ १५. वर चढलेल्या देशांचा हिस्सा सुरुवातीला ८ (२५ वजा १७) होता, शेवटी १२ (४० वजा २८). म्हणजे १५ पैकी ४ प्रगती करून गटाबाहेर गेलेल्या देशांमुळे आणि ११ अजून गटात असलेल्यांमुळे. ही फोड न देता नुसता एक आकडा दिला तर त्याला फारसा अर्थ नाही. तिसरा पर्याय म्हणजे दर वर्षी त्या वर्षीची यादी. त्यात कोरियाच्या ये-जा सारख्या प्रसंगी ओळीत पायऱ्या पडतात. ती वापरायचीच असेल तर बदलाच्या वर्षी जुन्या आणि नव्या अशा दोन्ही याद्यांनी आकडा काढून साखळी जोडा, महागाई निर्देशांकाचं आधारवर्ष बदलताना जोडतात तशी.

आता प्रत्यक्ष आकडे. संयुक्त राष्ट्रांच्या कॉमट्रेड या व्यापाराच्या आकडेसंग्रहात १९६२ पासूनची वार्षिक आकडेवारी आहे. १९६२ पासूनची ओळ हवी असेल तर एसआयटीसी या मालाच्या जुन्या वर्गीकरणाची पहिली आवृत्ती निवडा. एचएस वर्गीकरणातले (सीमाशुल्क खाती वापरतात त्या मालाच्या कोडमधले) आकडे १९८८ च्या आधी मिळत नाहीत. फक्त एकूण वाटा हवा असेल तर वस्तूच्या रकान्यात 'टोटल' घ्या. सगळ्या वस्तू उतरवून बेरीज करू नका, कारण दोन, चार आणि सहा अंकी कोड एकाच फाइलमध्ये आले की तोच माल तीनदा मोजला जातो. नव्या कॉमट्रेडमध्ये आणखी एक जागा फसवी आहे. एकाच व्यवहाराच्या ओळी वाहतुकीचा प्रकार, सीमाशुल्क प्रक्रिया आणि दुसरा भागीदार यांनुसार फुटून येतात. वाहतूक कोड ०, सीमाशुल्क कोड सी००, दुसरा भागीदार ० अशी गाळणी लावली नाही तर बेरीज दुप्पट-तिप्पट होते. एखाद्या देशाची निर्यात अचानक फुगलेली दिसायला लागली तर आधी इथे बघा.

सगळ्यात जास्त वेळ खाते ती देशांच्या कोडची जुळवाजुळव, आणि त्यात भारतच पहिला बळी पडतो. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी विभागाचा भारताचा कोड ३५६ आहे. कॉमट्रेडमध्ये मात्र ३५६ म्हणजे १९७४ पर्यंतचा, सिक्कीम वगळून भारत. त्यानंतरचा भारत ६९९. उत्पन्नगटाच्या यादीत ३५६ ठेवून व्हीलुकअप (एक्सेलमधलं दोन याद्या जुळवणारं सूत्र) लावला की १९७५ पासून भारतापुढे काहीच जुळत नाही. एक्सेल रकान्यात 'एन/ए' टाकतं, कोणीतरी ते शून्य करतं, आणि जगातला एक मोठा विकसनशील ग्राहक बेरजेतून आवाज न करता बाहेर पडतो. तसंच अमेरिका ८४२ (१९८१ पूर्वी ८४१), फ्रान्स २५१, स्वित्झर्लंड ७५७, नॉर्वे ५७९. एकीकरणापूर्वीचा पश्चिम जर्मनी २८०, १९९८ पर्यंत बेल्जियम-लक्झेंबर्ग एकत्र ५८, सोव्हिएत संघ ८१०, चेकोस्लोव्हाकिया २००. तैवान नावाने सापडणारच नाही. तो ४९० या कोडखाली 'इतर आशिया' म्हणून बसलेला आहे. मोडलेल्या देशांचं काय करायचं ते आधी ठरवा. सोव्हिएत संघ विकसनशील धरला असेल तर १९९२ नंतर त्यातून निघालेले पंधराही देश, एस्टोनियासकट, त्याच गटात ठेवायचे. नाहीतर १९९१-९२ मध्ये ओळीला खळगा पडतो आणि त्याची भलतीच कारणं शोधली जातात.

जुळवणी झाली की ताळा करा. सगळ्या भागीदारांची (म्हणजे ज्यांना माल गेला त्या देशांची) बेरीज भागिले 'जग' (कोड ०). हे गुणोत्तर ०.९८ ते १ च्या मध्ये असेल तर पुढे जा. १ च्या वर गेलं तर काहीतरी दोनदा मोजलं आहे. फारच खाली असेल तर ८३७ (जहाजांचं इंधन), ८३८ (मुक्त क्षेत्रं), ८३९ (खास वर्ग) आणि ८९९ (अनिर्दिष्ट प्रदेश) हे रकाने बघा. काही देश शस्त्रास्त्रं आणि विमानं तिथे लपवतात. विमानांबाबत आणखी एक: अमेरिका नागरी विमानं, इंजिनं आणि सुटे भाग ८८०० या एकाच कोडखाली एकत्र दाखवते. त्यामुळे 'अमेरिकेने अमुक देशाला किती विमानं विकली' हे सहा अंकी कोडवरून कळत नाही. शिवाय विमानं झुंडीने येतात. छोट्या देशाला एका वर्षात चार मिळाली की त्या वर्षी शिखर, पुढच्या वर्षी दरी.

१९९५ नंतरचाच काळ हवा असेल तर एवढा खटाटोप करण्यापेक्षा फ्रान्सच्या सेपी संस्थेचा बासी हा संच घ्या. निर्यात करणाऱ्याचा आणि आयात करणाऱ्याचा आकडा जुळवून तो एकच आकडा देतो. किमती हजार डॉलरमध्ये असतात, तीन शून्यं विसरू नका.

दोन्ही बाजूंचे आकडे का जुळत नाहीत, हे इथेच सांगतो. निर्यात एफओबी दराने नोंदतात, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतची किंमत. आयात सीआयएफने, म्हणजे भाडं आणि विमा धरून. नाणेनिधी आपल्या देशवार व्यापाराच्या संचात एका बाजूचा आकडा नसेल तर दुसऱ्या बाजूवरून तो भरतो, आणि त्यासाठीचा फरक पूर्वी सरसकट १० टक्के धरायचा, नंतर ६ टक्के धरू लागला. जागतिक बँकेचा तक्ता याच संचावर उभा आहे, म्हणजे हाही एक बदल मागच्या वर्षांत झिरपतो. भाड्यापेक्षा मोठा फरक देशाच्या नोंदीत असतो. निर्यातदार 'माल शेवटी कुठे चालला आहे असं माहीत आहे' तो देश लिहितो, आयातदार 'माल कुठे बनला' तो. हॅम्बुर्गहून निघालेलं यंत्र हाँगकाँगमार्गे शेन्झेनला गेलं, तर जर्मनीच्या वहीत ते कदाचित हाँगकाँगला गेलेलं असतं, चीनच्या वहीत ते जर्मनीहून आलेलं असतं. आणि भारताचे आकडे वाणिज्य मंत्रालयाच्या ट्रेडस्टॅटवरून घेत असाल तर ते एप्रिल ते मार्च. जर्मनीचे जानेवारी ते डिसेंबर. ही दोन वर्षं समोरासमोर ठेवून 'बिलं कमी दाखवली जातात' असा निष्कर्ष काढणारे अहवालही निघतात.

हाँगकाँगचा प्रश्न एवढ्यावर भागत नाही. हाँगकाँग उच्च उत्पन्नाचं आहे आणि त्याच्या निर्यातीपैकी जवळजवळ सगळी पुनर्निर्यात आहे. चीनमध्ये बनलेला भाग हाँगकाँगला येतो आणि पुन्हा चीनमध्ये जातो. गटवार बेरजेत ही 'श्रीमंत देशाची विकसनशील देशाला निर्यात' ठरते. चीनने चीनलाच विकलेला माल! सिंगापूरचीही निम्म्याच्या आसपास निर्यात पुनर्निर्यातच असते. कॉमट्रेडमध्ये निर्यातीचा प्रवाह 'एक्स' घेतला तर त्यात पुनर्निर्यात धरलेली असते. ती 'आरएक्स' मध्ये वेगळीही मिळते, पण सगळे देश ती देत नाहीत. सोपा उपाय: हाँगकाँगला निर्यातदारांच्या यादीतून सरळ काढून टाका आणि तसं तळटीपेत लिहा. सिंगापूर, नेदरलँड्स, अमिराती यांच्यासह आणि त्यांच्याशिवाय अशा दोन ओळी काढून बघा. निष्कर्ष दोन्हींत टिकला तरच मांडा.

मग सोनं आणि तेल. स्वित्झर्लंडची भारताला निर्यात म्हटलं की डोळ्यांसमोर घड्याळं आणि औषधं येतात, पण किमतीने त्यात सोनंच भारी (कोड ७१०८). तिथल्या शुद्धीकरण कारखान्यांतून ते येतं, खाणी तिथे नाहीत. त्यात स्विस सीमाशुल्क खातं सोन्याचे देशवार आकडे आधी बरीच वर्षं जाहीर करत नव्हतं. त्यामुळे ते धरले जाऊ लागले त्या वर्षी ओळ उंच उडी मारते. बेल्जियमहून येणाऱ्या कच्च्या हिऱ्यांचं (७१०२) तसंच: वांद्रे-कुर्ला संकुल आणि सुरतमार्गे पैलू पाडून ते पुन्हा बाहेर जातात. तेलाचा २७ वा अध्याय (एचएस कोडचे पहिले दोन अंक म्हणजे अध्याय) तर वेगळा काढायलाच हवा. सौदी, कुवेत, कतार, अमिराती आणि नॉर्वे हे सगळे उच्च उत्पन्नाचे. १९७३-७४ आणि १९७९ चे तेलाचे भडके, २०१४ ची घसरण, २०२२ ची उसळी, सगळं या वाट्यात उमटतं आणि त्याचा कारखान्यांशी काही संबंध नसतो. म्हणून तीन ओळी काढा: सगळा माल, २७ आणि ७१ वे अध्याय वगळून, आणि फक्त ८४, ८५, ८७, म्हणजे यंत्रं, विद्युत सामग्री आणि वाहनं. बहुतेकांच्या मनात जो प्रश्न असतो, त्याचं उत्तर तिसऱ्या ओळीत मिळतं.

या तिसऱ्या ओळीवर जरा थांबायला हवं, कारण वाट्याचा आकडा जहाजात काय आहे हे सांगत नाही.

१९१३ मध्ये ब्रिटनने सुमारे ७०० कोटी यार्ड सुती कापड निर्यात केलं. त्यातलं ३०० कोटी यार्डांच्या आसपास एकट्या भारताने घेतलं. १९३८ पर्यंत भारताचा आकडा त्याच्या दहाव्या भागाइतका किंवा त्याहूनही खाली आला. यामागे स्वदेशी होती, जपानी कापड होतं, १९१७ पासून वाढत गेलेलं आयातशुल्क होतं. पण त्याच्या कितीतरी आधी लँकेशायरनेच दुसरा माल जहाजावर चढवायला सुरुवात केली होती. कापडयंत्रांच्या निर्यातीवरची बंदी ब्रिटनने १८४३ मध्ये उठवली. १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत सूतगिरणीची कंपनी काढली, आणि पुढे गिरणगावातल्या कितीतरी खात्यांत ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सच्या नावाच्या पाट्या असलेली यंत्रं फिरत होती. मँचेस्टर कापड विकत होतं आणि शेजारचं ओल्डहॅम ते कापड नको करणारं यंत्र. निर्यातीच्या एकूण रकमेत दोन्ही एकाच बाजूला जमा. पुढे तर १९२९ मध्ये याच प्लॅट ब्रदर्सने जपानच्या टोयोडाकडून स्वयंचलित मागाचे हक्क विकत घेतले. (हे जुने आकडे वापरताना एक काळजी घ्या. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश नोंदी लांबीच्या यार्डांवरून चौरस यार्डांवर गेल्या, आणि हिंदुस्थान सरकारच्या नोंदी तेव्हाही एप्रिल-मार्चच्या. १९६२ च्या मागे जायचं तर सेपीचा १८२७ पासूनचा ट्रॅडहिस्ट किंवा फेदेरिको आणि तेना यांचा १८०० ते १९३८ चा संच घ्या.)

आजही क्रम तोच आहे, फक्त एक पायरी वाढली आहे: तयार माल, मग यंत्रं, मग सुटे भाग. अमेरिका घ्या. २०२४ मध्ये तिची मालनिर्यात सुमारे २,०६५ अब्ज डॉलर. त्यातले ३३४ अब्ज मेक्सिकोला, म्हणजे १६ टक्के, आणि सुमारे १४३ अब्ज चीनला, ७ टक्क्यांना जरा कमी. मेक्सिको उच्च मध्यम उत्पन्नाचा असल्याने ही 'विकसनशील देशाला निर्यात'. पण तिच्यात इंजिनाचे भाग, वायर हार्नेससाठीची तार, प्लास्टिकचे दाणे असतात, आणि त्यातला बराचसा माल गाडी होऊन परत अमेरिकेत येतो. मेक्सिकोतल्या माणसाने तो विकत घेतलेला नसतो. हे वेगळं काढायचं असेल तर बीईसी वर्गीकरण वापरा. त्यात माल भांडवली, मध्यवर्ती आणि उपभोग्य अशा तीन ढिगांत पडतो, आणि एचएसवरून त्यात जाण्याचे तक्ते संयुक्त राष्ट्रांच्या संकेतस्थळावर आहेत.

यंत्रांतही नवं-जुनं एचएस कोडला कळत नाही. इचलकरंजी आणि भिवंडीत युरोप-जपानमधून वापरलेले शटललेस (धोट्याशिवाय चालणारे) माग भरपूर आले आहेत. ३० सेंटीमीटरपेक्षा रुंद कापडाचा शटललेस माग ८४४६.३० मध्ये जातो, मग तो कारखान्यातून कालच निघालेला असो की इटलीतल्या बंद पडलेल्या गिरणीतून वीस वर्षांनी उचललेला. इथे सीमाशुल्काला चार्टर्ड इंजिनिअरचा दाखला लागतो, पण तो आकडेवारीत उतरत नाही. मार्ग एकच: किंमत भागिले नग, आणि किंमत भागिले किलो. एकाच कोडमध्ये एका देशाहून येणारा माग दुसऱ्या देशाच्या मागाच्या दहाव्या-पंधराव्या हिश्श्याला पडत असेल, तर तो वापरलेला आहे असं समजायला हरकत नाही. नगांचा रकाना मात्र आधी तपासा. काही देश तिथे किलो भरतात आणि मग एक माग चहाच्या किमतीत पडतो.

जुन्या कपड्यांना निदान स्वतःचा कोड आहे, ६३०९. किमतीने ते नगण्य, वजनाने प्रचंड. पूर्व आफ्रिकी देशांनी २०१६ मध्ये त्यांची आयात टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरवलं, अमेरिकेने व्यापारसवलती काढून घेण्याचा इशारा दिला, बाकीचे मागे हटले, रवांडा अडून राहिला आणि २०१८ मध्ये त्याच्या तयार कपड्यांवरची सवलत स्थगित झाली. टक्केवारीच्या ओळीत हा सगळा झगडा दिसतही नाही. प्लास्टिक कचऱ्याचं (३९१५) तसंच: २०१८ च्या सुरुवातीपासून चीनने दार लावलं आणि तेच कंटेनर मलेशिया, थायलंड, व्हिएतनामकडे वळले. विकसनशील गटाची एकूण बेरीज बघणाऱ्याला त्यातलं फारच थोडं कळलं असतं.

आता चीन. चीनचं २०२४ चं दरडोई उत्पन्न जागतिक बँकेच्या हिशेबाने सुमारे १३,६६० डॉलर, आणि त्या वर्षासाठी उच्च उत्पन्नाची मर्यादा १३,९३५. अंतर पावणेतीनशे डॉलरांचं. युआनचा दर जरा इकडेतिकडे झाला तरी एखाद्या १ जुलैला चीन वर जाऊ शकतो. त्या दिवशी वरच्या अमेरिकेच्या उदाहरणात २३ टक्क्यांचे १६ होतील. जपान, कोरिया, ऑस्ट्रेलिया यांच्या ओळी त्याहून जोरात पडतील, आणि त्याही १९६० च्या दशकापासून मागच्या तारखेने. ऑस्ट्रेलियाचं लोहखनिज रातोरात श्रीमंत देशाला विकलेलं ठरेल. तुमचा प्रबंध किंवा अहवाल तेव्हा अर्धवट असेल तर नव्या फाइलमधले आकडे जुन्यांशी जुळणार नाहीत. त्यामुळे दर वर्षी ३० जूनच्या आत एक प्रत उतरवून ठेवा, वर्गीकरणाची यादीही तिच्याच फोल्डरमध्ये, आणि फाइलच्या नावात उतरवल्याची तारीख घाला.